राखणाऱ्याचा हात

माझी भाची कन्झर्व्हेटर झाली, ही बातमी प्रतापनगरात मी मोठ्या कौतुकाने सांगितली तेव्हा समोरच्या वहिनींनी पहिला प्रश्न केला, "अरे वा मॅडम! मग पोस्टिंग कुठं भेटली? मेळघाट की गडचिरोली?"

त्यांचे काही चुकले नाही. नागपुरात कन्झर्व्हेटर म्हटला की तो जंगलाचाच. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये, आणि प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी फॉरेस्टातून रिटायर झालेला. माझे वडील स्वतः वनपाल होते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या बाजूला त्यांची उमर गेली. आमच्या घरी 'कन्झर्व्हेटरसाहेब' हा शब्द देव आणि कलेक्टर यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी होता. साहेबांचा दौरा लागला की वडील आठ दिवस आधीपासून घरात गप्प गप्प असत.

भाची मात्र कागदाची कन्झर्व्हेटर. जुन्या पोथ्या, नकाशे, हस्तलिखिते, चित्रे यांच्यावर उपचार करते. वहिनींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "म्हणजे बाइंडिंग?" नाही. "मग लायब्रेरियन?" तेही नाही. शेवटी त्यांनी मुद्द्याचे विचारले, "पण पर्मनंट आहे ना?"

खरी अडचण शब्दाची आहे. वनखात्यात 'संरक्षक' हा शब्द रुळला, पण त्यातून हातात काठी घेतलेला माणूस उभा राहतो. 'संवर्धक' म्हणावे तर त्यात वाढवणे आले, आणि तीनशे वर्षांचा कागद काही वाढवायचा नसतो. 'जतनकार' हा अलीकडे काही लोक वापरतात, तोंडात बसायला वेळ लागेल. मला विचाराल तर आपला 'राखणे' हाच शब्द बरा. आपण शेत राखतो, गुरे राखतो, दिलेला शब्द राखतो, दुसऱ्याचा मान राखतो. गोव्यात आणि तळकोकणात तर गावाच्या सीमेवर 'राखणदार' म्हणून देवच असतो. या सगळ्या राखण्यात एक गोष्ट समान आहे. राखणाऱ्याच्या हातात जे आहे ते त्याच्या मालकीचे नसते.

हे मला आधी समजत नव्हते. ते समजायला घरात पाणी शिरावे लागले.

२०२३ च्या सप्टेंबरातली २३ तारीख नागपूरकरांना आठवत असेल. पहाटेच्या चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय टाकूनच. आमच्या प्रतापनगरातल्या घरी काही झाले नाही. पण माझा धाकटा भाऊ अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजल्यावर राहतो. त्याच्याकडे कमरेएवढे पाणी. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. आणि दिवाणाखालच्या लोखंडी पेटीत वडिलांच्या डायऱ्या होत्या, १९५८ ते १९८२ पर्यंतच्या, एकूण एकोणीस, शिवाय त्यांच्या नोकरीचे कागद आणि आमचे जुने फोटो.

दुपारी मी पोचले तेव्हा भावजयीने सगळे गच्चीवर काढून ठेवले होते. ऊन पडले की वाळत घालू, असा विचार. भाचीला मुंबईला फोन लावला. ती पहिले वाक्य बोलली ते असे, "मावशी, उन्हात घालू नका. उघडू पण नका. हात लावू नका."

मग तिने जे करायला सांगितले ते ऐकून आम्हाला ती थट्टा करते आहे असेच वाटले. डायऱ्या मिटलेल्याच राहू द्यायच्या, चिखल वरून स्वच्छ पाण्याने हलकेच जाऊ द्यायचा, एकेक डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायची. ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गोठवले की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आणि विचार करायला वेळ मिळतो. फोटोंचे उलटे. ते एकमेकांना चिकटून वाळले तर संपलेच, म्हणून परातीत थंड स्वच्छ पाणी घेऊन त्यात ठेवायचे, हळूहळू सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचे.

भिजलेले कागद वाचवण्याबद्दल जगाला बरेच काही एका मोठ्या संकटातून शिकायला मिळाले आहे. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले लाखो ग्रंथ चिखलात गेले. देशोदेशीची तरुण मुले हातोहात पुस्तके बाहेर काढायला धावली. त्यांच्यामागून तज्ज्ञ आले आणि ओल्या पुस्तकाचे काय करायचे हे त्यांना करता करताच शिकावे लागले. कागदाची वैद्यकी आज जशी आहे तशी होण्यात त्या पुराचा वाटा फार मोठा. भाचीच्या अभ्यासात म्हणे तो पूर पहिल्याच महिन्यात येतो.

फ्लॉरेन्सकडे जग होते, आमच्याकडे प्रतापनगर. भावाचा फ्रीज तर गेलेला. मी गल्लीत घरोघरी फिरले. कुणाच्या फ्रीझरात मटाराच्या पिशव्यांशेजारी १९६१ साल गेले, कुणाकडे बर्फाच्या ट्रेखाली १९७२. समोरच्या वहिनींनी तीन डायऱ्या ठेवून घेतल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, शेवटी जंगल माझ्याच फ्रीझरात आलं म्हणायचं!" अकरा डायऱ्यांची सोय झाली. उरलेल्या आठांमध्ये कोरे कागद ठेवून, ते बदलत बदलत, पंख्याखाली जे जमले ते केले. कुठल्या अकरा, हे मीच ठरवले. कशाच्या आधारावर? वरवर जाड दिसल्या त्या घेतल्या. आजही त्याची टोचणी आहे.

तिसऱ्या दिवशी भाची आली. तिने पेटीतले बाकीचे कागद पाहिले आणि एका कागदापाशी थांबली. वडिलांनी आईला लिहिलेले एकुलते एक पत्र. आमच्याकडे दुसरे नाही. ते घडीवर फाटायला लागले म्हणून वीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्याला सेलोटेप लावला. टेप पिवळा पडून तेलकट डाग उमटले तेव्हा घाबरून झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते लॅमिनेट करून आणले. केवढी निश्चिंत झाले होते मी! पुराचे पाणी त्या प्लॅस्टिकच्या एका कडेतून आत शिरले होते. आत अक्षरांचा निळा ढग झाला होता. उष्णता देऊन चिकटवलेले प्लॅस्टिक कागदापासून सुखरूप सोडवणे तिलाही शक्य नव्हते.

"हे आता असंच, मावशी," एवढेच ती म्हणाली.

रात्री जेवताना तिने तिच्या धंद्याचा पहिला नियम सांगितला. जे पुन्हा काढता येणार नाही ते लावायचे नाही. म्हणूनच ती फाटलेल्या कागदाला पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावते. उद्या तिच्याहून हुशार कुणी आला तर त्याला ओल्या बोळ्याने तिचे काम पुसून नवे करता आले पाहिजे. तिच्या मते चांगला कन्झर्व्हेटर तोच, ज्याचे काम त्याच्या मागून येणाऱ्याला खोडता येते. मला शाळेत तेहतीस वर्षे शिकवताना असा विचार कधी सुचला नाही. आम्ही लाल शाईने तपासत होतो.

प्रेमापोटी बिघडवणारी मी एकटी नव्हे, हे कळल्यावर थोडे बरे वाटले. अजिंठ्याचीच गोष्ट घ्या. १९२० ते २२ च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन जाणकार मुद्दाम बोलावले. रंगांचे पोपडे सुटत होते. त्यांनी ते मेहनतीने बसवले आणि वरून लाखेचा लेप दिला. त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणे ते उत्तमच होते. पण लाख पुढे पिवळी-तपकिरी पडली, तिच्यावर धूळ बसली आणि चित्रे अंधारात गेली. त्याही आधी नकला करणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश फासले होते. पुरातत्त्व खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांची कित्येक वर्षे हे थर उतरवण्यात गेली. लाख म्हणजे आपल्याच पळस-कुसुमाच्या फांद्यांवरची. घरचीच वस्तू, पण लावली की निघायला शतक जाते.

उलट कधी कधी नुसते दुर्लक्षही राखणदारी करते. रामटेकच्या गडावरच्या केवल नरसिंह मंदिरात भिंतीवरचा गिलावा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला गेला तेव्हा आतून वाकाटक काळातला शिलालेख निघाला, राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी संबंध सांगणारा. इतकी माणसे त्या भिंतीजवळून गेली आणि कुणालाच खाली अक्षरे आहेत हे कळले नाही. त्या गिलाव्याने लेख लपवला खरा, पण झाकलाही. आज विदर्भातल्या अनेक जुन्या दगडी देवळांना श्रद्धाळू मंडळी वर्गणी काढून ऑइलपेंट देतात, बाथरूमला लावतात तशा टाइल्स लावतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात. त्यांची श्रद्धा खोटी नाही, माझीही नव्हती. पण नवे करणे आणि राखणे यांत आपण फरक करत नाही, याचे मला वाईट वाटते.

आपल्या पूर्वजांना तो फरक कळत होता की काय, असे मात्र पोथ्या पाहिल्या की वाटते. पोथी लाल कापडात घट्ट बांधत, तिच्याजवळ वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवत. नकलकार शेवटच्या पानावर पोथीच्याच तोंडून विनवणी लिहून ठेवत की मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधू नकोस आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. आणि हरताळ! हे पिवळे, विषारी खनिज कागदावर लावले की कीड लागत नाही. चुकलेले अक्षर झाकायलाही तेच. आपण 'हरताळ फासला' म्हणतो तेव्हा फक्त पुसल्याचीच आठवण ठेवतो, राखल्याची विसरतो.

देवाच्या मूर्तीपाशी आले की प्रश्न आणखी अवघड होतो. पंढरीच्या विठोबाच्या पायांची झीज झाली ती कुणी हातोडा मारल्याने नव्हे, शतकानुशतकांच्या कपाळांनी, हातांनी आणि पंचामृताने. तिथे रासायनिक लेप वेळोवेळी द्यावा लागला, २०२० मध्येही दिला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीला २०१५ मध्ये दिला, पुढे त्यावरून वादही झाले. वज्रलेप ही काही नवी कल्पना नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याची कृती आहे, कच्ची टेंभरे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड असे बरेच काही उकळून करायची. पण दगडाचा वैद्य म्हणेल, स्पर्श थांबवा. आणि वारकरी म्हणेल, मग चालत आलो कशाला? २०२४ मध्ये गाभाऱ्यातली चांदी उतरवून मूळ दगड मोकळा केला, तेव्हा काही आठवडे पायांवर डोके ठेवून दर्शन बंद होते. ते पुन्हा सुरू झाले. मला वाटते ते योग्यच झाले. ज्या मूर्तीला कुणी शिवायचे नाही ती टिकेल, पण ती विठोबा राहील की संग्रहालयातली वस्तू होईल? मी रसायनशास्त्र जाणत नाही, त्यामुळे माझे मत कुणी फार मनावर घेऊ नये. पण राखायचे कुणासाठी, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही.

आणि हाच प्रश्न वहिनींच्या कन्झर्व्हेटरलाही, म्हणजे जंगलवाल्यालाही, विचारायला हवा. मुंबई इलाख्यातला पहिला कन्झर्व्हेटर १८४७ मध्ये नेमला गेला. अलेक्झांडर गिब्सन त्याचे नाव, पेशाने डॉक्टर, दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. तेव्हा सरकारला जंगल राखायचे होते ते जहाजांच्या सागवानासाठी. पुढे रेल्वेचे स्लीपर आले. १८७८ च्या कायद्याने 'राखीव' जंगले पक्की झाली आणि पिढ्यान्पिढ्या तिथूनच सरपण, बांबू, मोहफूल आणणारी माणसे एका रात्रीत चोर ठरली. आमच्या भागात या हक्काला 'निस्तार' म्हणतात. लाकूड राखले, निस्तार गेला. असे असले तरी या खात्याने चांगली माणसेही दिली. मारुती चितमपल्ली याच खात्यात उपमुख्य वनसंरक्षक होऊन निवृत्त झाले. २०२५ मध्ये ते गेले. रानातली भाषा, पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे त्यांनी मराठीत आणून ठेवली, हीसुद्धा एक राखणच. आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर व्याख्याच बदलली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला आणि २७ एप्रिल २०११ ला आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकारही. कालपर्यंत ज्याच्यापासून जंगल राखायचे होते तोच राखणदार झाला. वडील असते तर त्यांना काय वाटले असते, कोण जाणे.

खरे तर थोडे कळले आहे. डायऱ्या गोठवून मग हळूहळू वाळवल्यावर एक गोष्ट दिसली. वडील ऑफिसात शाईने लिहीत आणि रानात पेन्सिलीने. शाई बरीचशी वाहून गेली. तिच्यात होते हिशेब, मार्किंग केलेल्या झाडांचे आकडे, साहेबांच्या दौऱ्याच्या नोंदी. पेन्सिलीचे अक्षर पाण्यात विरघळत नाही, ते जसेच्या तसे राहिले. सरकारी वडील गेले आणि रानातले उरले म्हणा ना. १९६६ च्या डायरीत एका पानावर चार ओळी आहेत. मोळी पकडली. बाई बाळंतीण होती. सोडून दिली. वर कळवले नाही.

हे पान वाचून भाऊ अस्वस्थ झाला. डायऱ्या एखाद्या संस्थेला द्याव्यात असे भाचीचे आणि माझे मत होते. नागपुरात विदर्भ साहित्य संघ आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे. जुन्या जंगलाचा अभ्यास करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. भाऊ म्हणतो, द्या, पण हे पान नको. बाबांनी कर्तव्यात कसूर केली असे लोक म्हणतील. मी म्हणते, त्या एका पानासाठीच डायरी राखण्यासारखी आहे. त्यांनी शिक्के मारलेली झाडे कुठल्या रेल्वेखाली गेली मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी हात आवरला हे मला माहीत आहे. त्या बाईचे नावही तिथे लिहिले आहे. तिची नातवंडे कुठेतरी असतील. त्यांचा या कागदावर काही हक्क पोचतो की नाही, हा प्रश्न भाचीने काढला आणि आम्ही दोघेही गप्प झालो.

एक मागणी मात्र जाता जाता करते. वनसंरक्षक कुठे बसतात हे विदर्भात कुणीही सांगेल. पण घरातली जुनी सनद, आजोबांची वही, शंभर वर्षांच्या वाचनालयातली भिजलेली पुस्तके घेऊन कुणाकडे जायचे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी सामान्य माणसाला ठाऊक नसते. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईला चांगली केंद्रे आहेत. पण पुराच्या दिवशी लखनौ फार लांब पडते. निदान प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात एक कागदाचा जाणकार आणि एक मोठा फ्रीझर असावा. त्याला फार पैसे लागत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनचे मशीन असते तिथे "मूळ कागद लॅमिनेट करू नका, आधी झेरॉक्स काढा" अशी पाटी लागली तरी माझ्यासारख्या चार जणींची पत्रे वाचतील.

डायऱ्या सध्या माझ्याकडे, प्रतापनगरात आहेत. आमची गल्ली आता निम्मी फ्लॅट स्कीमची झाली आहे. आमचे घर किती वर्षे उभे राहील सांगता येत नाही, पण कपाटाचा वरचा खण कोरडा आहे. भाचीने आम्लरहित कागदाचे खोके करून दिले आहे आणि बाहेरून पेन्सिलीने साले लिहिली आहेत. १९६६ चे पान आहे तिथेच आहे. भावाने ते काढून दे म्हटले तेव्हा ती म्हणाली, "मामा, काय दाखवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी फक्त पान ठेवणार." भाऊ अजून ठरवतो आहे. दिवाळीला येईल तेव्हा पुन्हा विषय निघेल.